डोक्यापाशी फिरलेलं बोट

अकोला, फळबाजार
४ नोव्हेंबर

सहदेव यारा,

सलाम घे. आज सकाळी गोपालच्या टेम्पोतून तुह्या संत्र्याचे कॅरेट उतरले. दरवेळी वरच्या कॅरेटमधी चिठ्ठी राह्यते, आज नव्हती. सगळे कॅरेट रिकामे करून पाह्यले. हमाल हासून राह्यले होते का बुढ्याचं काय हरपलं म्हणून. काल आपल्या पोट्ट्यांनी देशासाठी रग्बीचा सामना जिंकला, तुही पोरगी पौर्णिमा अन् माही नात गजाला दोघी तिकडे कोलंबोले हायेत, अन् तुह्यानं दोन ओळी लिहवत नाई. रुसला काय बे?

फोन करून शिव्या देल्या असत्या, पण माहे कान जाऊन सहा वर्षं झाले, समोरच्याचे ओठ पाहून काम चालते, फोनवर ते बी नाई, तुले माईत हाय. अन् वकारच्या मोबाईलवरून लिहाव तं माहा हा पोरगा माह्याआधी तुहा जवाब वाचते. तवा आपली टेम्पोची डाकच बरी.

काल मोबाईल तराजूले टेकवून पूर्ण सामना पाह्यला. गिऱ्हाईकाले सांगतलं, संत्रा तूच निवड, तूच तोल, मले इचारू नको. कोचनं गजालाले फुलबॅकले उभं केलं. इथी लोकं मले इचारते, चाचा, ते फुलबॅक काय राह्यते? म्या सांगतो, आपल्या चौदा जणी पुढे अन् पंधरावी पोट्टी सगळ्याइच्या मांगे एकटी. समोरची बॉल घेऊन तिच्याही हातून निसटली तं मंग अडवाले कोनी नाई. अशी जागा देल्ली माह्या नातीले. छाती भरून आली.

पण कोचची एक गोष्ट मले पटत नाई. बॉल हातात आला का लाथ मारून दूर. अरे, रग्बीत बॉल हातानं पुढे फेकता येत नाई, मांगेच द्या लागते, हे कबूल. पण घेऊन पळता तं येते ना? लाथ मारून समोरच्याइले कावून देता? तुहं काय म्हणणं हाय ते लिह्य. अन् पौर्णिमा राखीव बसली म्हणून तोंड फुगवून बसला असशीन तं तेही लिह्य. तीही खेळन. एवढी लंबी स्पर्धा हाय.

तुहा
अय्युब

—

मोर्शी
६ नोव्हेंबर

अय्युबभाई,

राम राम. रुसलो नाई. जळून राह्यलो होतो, म्हणून लिहिलं नाई. तुले खोटं कायले सांगू.

तीन वर्षं झाले पौर्णिमा देशाच्या कॅम्पात जाते. सामन्याच्या दिवशी जर्सी घालते, ऐंशी मिनिटं दोरीच्या बाहेर पळून आंग गरम ठेवते, अन् संध्याकाळी जर्सीची घडी करते. एक मिनिट मैदानात नाई गेली. एक मिनिट जरी उतरली तं जन्मभर म्हणता येते का देशाकडून खेळली. तिची माय साधना देवापुढे दुसरं काही मागत नाई, म्हणते, पाचच मिनिटं दे बाप्पा. अन् तिची जागा कोनती? फुलबॅक. म्हणजे तुही गजाला बाहेर आली तवाच माही पोट्टी आत जाते. अमरावतीच्या हॉस्टेलात दोघी एका खोलीत राह्यल्या, एका ताटात जेवल्या, अन् आता एका जागेसाठी दोघी. म्या सामना पाहतो तवा गजाला पळली का टाळी बी वाजवतो, अन् मनात दुसरंच येते. तुले सांगून टाकलं.

आता खेळाचं. तुहं लाथेचं म्हणणं चुकीचं हाय. आपल्या पोट्ट्या वजनानं हलक्या. आपल्याच हद्दीत बॉल धरून बसल्या तं त्या समोरच्या ढुशा मारून मारून दमवतीन. लाथ मारून खेळ तिकडे पाठवणं बरोबरच हाय. चूक दुसरीकडे हाय. गजाला वाऱ्यासारखी पळते, तिले कडेले खेळवलं पाहिजे. फुलबॅकले अडवणारी पोट्टी पाहिजे. अन् गजालाची एक खोड हाय. अडवाले जाते तवा डोकं पुढे घालते. खांदा लावाचा अन् डोकं बाजूले ठेवाचं, हे पौर्णिमा तिले हॉस्टेलपासून सांगून राह्यली. त्या सामन्यात तीनदा डोकं पुढे होतं, म्या मोजलं.

आता तू म्हणशीन, सहदेवाले आपल्या पोरीसाठी दुसऱ्याच्या पोरीत खोट दिसते. म्हण बापा. म्या पाह्यलं ते लिहिलं.

सहदेव

—

अकोला
९ नोव्हेंबर

सहदेवा, भल्या माणसा,

खोड काढत होता ना माह्या पोट्टीची? काल पाह्यलं का?

दोन गुणांनी आपण पुढे, सात मिनिटं बाकी, अन् ती त्याइची भैंसीएवढी बाई बॉल घेऊन सरळ निघाली. मधात कोनी नाई. एकटी गजाला. वकारनं तं डोये झाकून घेतले, बाप हाय ना. अन् गजालानं पाडलं तिले रे. त्या बाईचा गुडघा लागला तिच्या डोक्याले, दोन मिनिटं पडून होती, डॉक्टरीण पळत आली. मंग उठली, आंगठा दाखवला, खेळ पूर्ण केला. आपण फायनलमधी. बाजारात म्या सगळ्याइले संत्रा वाटला, तुहाच होता, गोड निंगाला.

आता कानात सांगाची गोष्ट. फक्त तुले.

रात्री व्हिडिओ कॉल आला. वकार बोलला, मंग कोनीतरी हाक मारली तं मोबाईल माह्याजवळ देऊन गेला. तुले माईत हाय, मले ऐकू येत नाई म्हणून ती पोट्टी माह्यासंगं हातानंच बोलते. घरात दुसऱ्या कोनाले तेवढा धीर नाई. तर तिनं काय केलं, डोक्यापाशी बोट गोल गोल फिरवलं. मंग हाताचा पंजा सरळ धरून उलटा केला. मंग ओठावर बोट ठेवलं अन् मान हालवली, का कोनाले नाई सांगाचं. तेवढ्यात वकार आला, तं हासून दाखवलं अन् फोन ठेवला.

म्या रातभर इचार केला अन् समजलं. ही फायनलची चाल हाय. गोल फिरून जायाचं, सगळे एका आंगाले वढाचे, अन् पलटी मारून उलट्या आंगानं बॉल घुसवाचा. कोचनं त्याइले सांगतलं असन का घरी बी सांगू नका. तरी माह्या नातीनं या बुढ्या दादाले सांगतलं. चाळीस वर्षं झाले, बाजारात रुमालाखाली हात घालून दलालाचे बोटं वाचून राह्यलो, भाव तोंडानं कोनी बोलत नाई. आजलोक एकदा बी चुकलो नाई. तवा हे पक्कं समज. पौर्णिमाले माईत असनच, पण तिलेही इचारू नको, का मले माईत हाय म्हणून.

म्हणजे तुह्या त्या कोचले डोकं हाय म्हणाचं. चौदा तारखेची वाट पाहणं होत नाई गड्या.

अय्युब

—

मोर्शी
१० नोव्हेंबर

अय्युबभाई,

तुही चिठ्ठी चारदा वाचली. गोपालले थांबवून ठेवलं हाय, हे लिहून त्याच्याच हाती देतो. शांतीनं वाच अन् वाचून झाल्यावर फाडून टाक.

ती चाल नाई.

सामना म्या आपल्या सागर पोराच्या मोबाईलवर पाह्यला, विहिरीच्या काठावर बसून, तिथीच रेंज येते. गुडघा लागल्यावर गजाला उठली, हे तू पाह्यलं. मंग काय झालं ते पाह्यलं का? बॉल तिच्या डाव्या आंगानं गेला अन् ती उजवीकडे पळली. पाणी घेऊन आपली पोट्टी आली, तं गजाला त्याइच्या पोट्टीजवळ गेली पाणी घ्याले. शेवटची शिटी वाजली, सगळ्या एकमेकीच्या गळ्यात पडल्या, अन् ती खांबापाशी खाली मान घालून उभी होती. सागर म्हणे, थकली असन बाबा. म्या बी तेच म्हटलं मनाले. मंग तुही चिठ्ठी आली.

तिनं तुले सांगतलं का दादा, डोकं गरगरते. सगळं उलटंपालटं दिसते. अन् घरी सांगू नका, नाईतं अब्बा वापस बोलावतीन. एवढंच हाय ते. तू उलटं वाचलं.

भाई, डोक्याचा मार वरून दिसत नाई. डॉक्टरनीनं दोन प्रश्न इचारले असतीन, नाव काय, आज वार कोनता, पोट्टीनं जवाब देला असन. पण पहिला मार बरा व्हायच्या आधी दुसरा बसला तं पोट्टी उठत नाई. हे पौर्णिमाले कॅम्पात शिकवलं होतं, तिनं मले समजावून सांगतलं होतं. फायनलले चार दिवस हायेत. आज पुन्हा तिले कॉल लाव. ती जे दाखवन ते चाल म्हणून नको पाहू. अन् तिले म्हण का डॉक्टरनीले सांग.

वकारले फोन कराले म्या मोबाईल हाती घेतला होता. मंग ठेवून देला. त्याले समजलं तं तो तिले कायमची घरी बसवन. म्हणून तुले लिहून राह्यलो. हे तूच कर.

सहदेव

—

अकोला
११ नोव्हेंबर

सहदेवराव,

चिठ्ठी भेटली. फाडली नाई. ठेवली हाय, का दोस्त कसा राह्यते ते पाहाले कामी पडन.

तुनं सहा तारखेले सोत्ताच लिहिलं, का गजाला बाहेर आली तवाच तुही पोट्टी आत जाते. तुनं लिहिलं का मनात दुसरंच येते. म्या त्याच्यावर हासलो, म्हटलं मोकळ्या मनाचा माणूस हाय. आता समजलं ते दुसरं काय हाय. चार दिवसांत माह्या नातीचं डोकं बिघडलं, अन् ते डॉक्टरनीले नाई दिसलं, कोचले नाई, तिच्या बापाले नाई, तिच्या दादाले नाई. दिसलं कोनाले? मोर्शीच्या विहिरीवर बसणाऱ्याले.

म्या काल कॉल लावला. वकार जवळच बसला होता. गजाला हासली, जेवली म्हणे, तबियत ठीक. आंगठा दाखवला. मंग? मले माही पोट्टी समजत नाई काय? सहा वर्षं तिच्या हाताकडे पाहून जगून राह्यलो म्या.

एक लक्षात ठेव. फायनलच्या दिवशी गजालाच्या जागी तुही पोट्टी मैदानात उतरली, तं त्या दिवसापासून तुहा माल माह्या दुकानात उतरणार नाई. अन् तूही उतरू नको.

अय्युब शेख

—

मोर्शी
१२ नोव्हेंबर

अय्युबभाई,

राग समजला. माह्यावर बी अशी येळ आली असती तं म्या हेच लिहिलं असतं, कदाचित याच्यापेक्षा वाईट.

पण म्या पौर्णिमाले फोन केला. हे तुले दुसरीकडून कळू नये म्हणून लिहितो. तिले इचारलं, गजाला कशी हाय? तं ती रडाले लागली. म्हणे बाबा, ती खोलीत पडदे लावून राह्यते, उजेड सहन होत नाई, दोनदा उलटी झाली. म्या गजालाले म्हटलं डॉक्टरले सांग, तं माह्या पाया पडली का फायनल होऊ दे. अन् म्या सांगू कशी, बाबा? सगळ्या म्हणतीन हिले जागा पाहिजे होती.

म्हणजे दोघीइचं तोंड बंद होतं अन् दोघीइले सगळं माईत होतं. अन् इकडे आपण दोघं बुढे कडेले कोन खेळाव अन् लाथ माराव का नाई याच्यावर कागद काळे करून राह्यलो.

म्या तिले सांगतलं, आत्ताच्या आत्ता कोचच्या खोलीत जाय. ती गेली. एवढंच मले माईत हाय. त्याच्यानंतर फोन लागला नाई. साधना जेवली नाई, म्या बी नाई.

माल पाठवत नाई. गोपाल फक्त चिठ्ठी घेऊन येऊन राह्यला.

सहदेव

—

मोर्शी
१६ नोव्हेंबर

अय्युबभाई,

टेम्पो दोनदा तुह्याकडून बिनाचिठ्ठीचा आला. गोपाल म्हणे, चाचानं चिठ्ठी घेतली, वाचली, अन् दुकानाची फळी लावून घेतली.

फायनल तुनं पाह्यली का नाई, माईत नाई. आपण हरलो. लय वाईट हरलो. गजालाले बसवलं, अन् फुलबॅकले कडेवाली पोट्टी उभी केली जिले तिथी कधी खेळवलंच नव्हतं. तिच्या डोक्यावरून लाथा मारल्या त्याईनं, बिचारी पळू पळू दमली. पौर्णिमाले नाई घेतलं. कोचची मर्जी. त्याच्यात काही बोलाची गोष्ट नाई.

पौर्णिमा घरी आली. झोपते, उठते, बगीच्यात जाते. बोलत नाई जास्त. थकली असन.

म्या तुले फक्त एक इचारतो. गजाला कशी हाय? मले लिहू नको, गोपालले तोंडानं सांग, ठीक हाय का नाई. तेवढं सांग.

सहदेव

—

अकोला
२१ नोव्हेंबर

सहदेव,

गजाला जिवंत हाय. पहिले हे लिहितो, कारण तू हेच शोधशीन.

विमानतळावरून तिले वकार सरळ दवाखान्यात घेऊन गेला. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, आतमधी थोडं रक्त साकळलं होतं, आता सुकून राह्यलं. सहा महिने खेळ बंद. वकारनं इचारलं, त्या फायनलमधी खेळली असती तं? डॉक्टरनं जे सांगतलं ते म्या त्याच्या ओठावरून वाचलं. ते लिहाले हात चालत नाई. वकार भिंतीले टेकून बसला, मोठा माणूस, फरशीवर बसला. त्यानं म्हटलं, ज्यानं तिले थांबवलं त्याचे पाय धुवाव. म्या बाजूलेच उभा होतो. तुले धाडलेल्या त्या 'उतरू नको'वाल्या चिठ्ठीची नक्कल माह्या खिशात होती, म्या करून ठेवली होती, लोकाइले दाखवाले, का कसा जवाब देला सहदेवाले.

घरी आल्यावर म्या गजालाले कागदावर लिहून इचारलं, बेटा, कावून नाई सांगतलं कोनाले? तिनं कागद घेतला अन् त्याच्याखाली लिहिलं, "दादा, मैंने तो आपकोच बताई थी."

दुनियेत एकाच माणसाले सांगतलं तिनं. अन् त्या माणसाले त्याच्यात खेळ दिसला. चाळीस वर्षं दलालाचे बोटं वाचले, घरातल्या लेकराचं एक बोट वाचता नाई आलं. ते बी जवा तू लिहून देलं का हे असं हाय, तवा म्या तुलेच चोर ठरवलं. तू माफ करशीन, तू तसाच हाय. म्या मले करू का नको, ते म्या पाहीन.

पण म्या हे लिहाले बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तू लिहिलं, पौर्णिमाले घेतलं नाई, कोचची मर्जी. खोटं लिहिलं तू मले.

गजालानं सगळं सांगतलं, दोन दिवस लागले, तिले जास्त लिहवत नाई. त्या रात्री पौर्णिमानं कोचले सांगतलं तं कोचनं गजालाले काढलं, डॉक्टरनीले बोलावलं, अन् सकाळी हॉटेलच्या भिंतीवर फायनलची यादी लावली. पंधरा नंबरवर, म्हणजे फुलबॅकले, पौर्णिमाचं नाव होतं. सगळ्या पोट्ट्या तिच्या पाठीवर थापा मारून राह्यल्या होत्या. अन् पौर्णिमा कोचजवळ जाऊन म्हणे, म्या खेळणार नाई. कोचनं इचारलं, मार लागला काय? नाई. भेव वाटते काय? नाई. मंग? तं म्हणे, बाबानं सांगतलं हाय, गजालाच्या जागेवर पाय ठेवाचा नाई. कोच म्हणाला, देशाच्या संघात घरचे शब्द चालत नाईत, पुन्हा कॅम्पात येऊ नको. अन् पोट्टीनं त्याच्यासमोर जर्सी काढून टेबलावर ठेवली, नीट घडी करून.

माह्या एका ओळीवरून तुनं आपल्या पोरीचं हे केलं? अरे, धमकी होती ती. रागाची होती. दुकान माहं, तोंड माहं, म्या काहीही बरळलो असीन. तुले थोडंच खरं कराचं होतं ते? तुनं तिले म्हणाव होतं, जाय, खेळ, त्या बुढ्याले म्या पाहून घेतो. ज्या एका मिनिटासाठी साधनावहिनी देवापुढे बसते, तो मिनिट तिच्या हातात आला होता. पूर्ण ऐंशी मिनिटं आले होते. अन् ते तुनं माही दोस्ती ठेवाले देऊन टाकले, तेही मले न सांगता. तुले वाटलं मले हे कळणार नाई, का कळलं तं बरं वाटन?

वकारनं कोचले पत्र लिहिलं हाय, सगळं खरं खरं, गजालाच्या बापाच्या सहीनं. म्याही खाली सही केली. ते वाचतीन का नाई, माईत नाई. तिले पुन्हा बोलावतीन का नाई, तेही माईत नाई. म्या खोटी आशा दाखवत नाई.

सोमवारी पहिल्या यष्टीनं मोर्शीले येतो. गजाला मांगे लागली का मलेही न्या, पण डॉक्टरनं प्रवास नाई म्हटलं. तवा एकटाच. तुह्या दारात येऊन उभा राहीन. तुले जे बोलाचं ते बोल, साधनावहिनीले बोलू दे. पौर्णिमाले तं समोर बसव अन् सांग, मनात हाय तेवढं सगळं बोल या बुढ्याले. मले ऐकू येणार नाई. पण तिचं बोलणं संपेलोक म्या तिच्या तोंडावरून नजर काढणार नाई.

अय्युब